मांजराला नगरला नेलं, आक्का

आक्का, भाऊसाहेबांना लघवी होते आहे.

गेलेल्या माणसासाठी लिहायला बसावं आणि पहिलं वाक्य असं यावं, हे बरं दिसत नाही. मी दोन-तीन चांगल्या सुरुवाती करून पाहिल्या. त्या तुम्ही ऐकून घेतल्या नसत्या. "ते ऱ्हाऊ दे मास्तरीन, मांजराचं काय झालं ते सांग आधी," असंच म्हणाला असतात. म्हणून ते आधी सांगितलं.

भाऊसाहेब हे नाव तुमचंच. गावच्या तलाठ्यासारखा हा बोका कधीही येतो, दूध पितो आणि जाताना भिंतीवर सही करून जातो, असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. एकदा ती सही माझ्या पुस्तकांच्या कपाटावर झाली. मी चिडले, तर तुम्ही हसत ओट्यावर बसूनच घेतलंत. "एवढी पुस्तकं घेतली, एकावर तरी कुनी सही दिली हुती का तुला?" म्हणालात.

आपल्या घराला दारं दोन आणि ओटा एक. थोरल्या जावेचं दार गोठ्याकडे, धाकटीचं रस्त्याकडे. तुम्ही गायींत, मी हायस्कूलच्या मराठीत. आपलं जमेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. तरी रोज धारेच्या वेळी मी पुस्तक घेऊन ओट्यावर येऊन बसायची आणि तुम्ही धार काढता काढता मला दिवसभराचं सांगायचात. मध्येच सड वळवून एक धार भाऊसाहेबांच्या उघड्या तोंडात मारायचात. बोलणं न थांबवता. नेम चुकलेला मी पाहिला नाही.

आपलं खरं भांडण झालं ते त्याच्या गालावरून. कुणाशी तरी मारामारी करून आला आणि गाल लिंबासारखा सुजला. मी मोबाईलवर नगरचे मांजरांचे डॉक्टर शोधत बसले. तुम्ही हळद कालवत होतात.

"मांजराला नगर?" तुम्ही म्हणालात. "मला कुनी नेलं न्हाई आजवर नगरला दाखवायला."

"तुम्ही चला म्हटलं तर येता का?"

"माझं सोड. गायीचा डॉक्टर येतोय उद्या, तो बघंल."

"आक्का, गायीचा डॉक्टर वेगळा, मांजराचा वेगळा."

"व्हय? आन जीव बी येगळा का?"

मी सांगत राहिले की मांजराला गायीचं औषध मोजून दिलं तरी चुकू शकतं, काही औषधं तर त्याला विषासारखी असतात, डॉक्टर निवडताना त्याने किती मांजरं पाहिली ते विचारावं. तुम्ही सगळं ऐकलंत. मग तुमची कसोटी सांगितलीत. डॉक्टर जनावराकडे कुठून येतो ते बघायचं. मागून येणारा नको. जनावराला तो आधी दिसला पाहिजे. आपले गुरांचे डॉक्टर पुढून येतात, गायीला कपाळावर हात लावतात, मग मागे जातात. तुमच्या बाप्पूच्या लग्नात त्यांनी वाढपसुद्धा केलं होतं. "घरचा डॉक्टर बदलायचा नसतो," तुम्ही म्हणालात. "त्येला काय वाटंल?"

त्यांना काय वाटेल! या एका वाक्यापुढे माझं सगळं वाचन थकायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पुढूनच आले, आणि भाऊसाहेब त्यांचा हात फाडून गोठ्याच्या पत्र्यावर गेले ते तिथेच राहिले. गाल आपोआप फुटून बरा झाला. तुम्ही म्हणालात, हळदीनं. मी म्हणाले, नशिबानं. भांडण तिथेच राहिलं.

तुमच्या छातीत जळजळायला लागलं तेव्हा ते पुन्हा वर आलं, फक्त आता मांजर नव्हतं मध्ये. सोनईच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी म्हणाले, नगरला जाऊ, छातीच्या डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात, गाय विऊ दे. गाय व्याली. मग वासरू जरा सुटं हू दे म्हणालात. पित्ताच्या गोळ्यासुद्धा तुम्ही घेत नव्हतात. पदराच्या गाठीत बांधून ठेवायचात आणि बाप्पू समोरून गेला की कोंबड्यांना टाकायचात. मी ते पाहिलं, तर डोळा मिचकावून म्हणालात, "कोंबड्यांना पित्त लई झालंय."

मी हसले. तुमच्या विनोदांना मी नेहमी हसत आले. तो विनोद मला आता कुठे ठेवावा कळत नाही.

तुम्ही सकाळी गोठ्यात गेलात, आणि नंतर तुम्हाला तिघांनी उचलून आत आणलं.

त्यानंतरचे दिवस तुम्हाला सांगायला हवेत, कारण त्याआधी एकही दिवस मी तुमच्याशिवाय काढला नव्हता. सुतक. घराबाहेर पडायचं नाही, कुणाच्या दारात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही. दोन्ही दारं उघडी आणि बाहेर जायला एकही नाही. माणसं येत होती, ओट्यावर बसत होती, तेच विचारत होती, आणि मी तेच सांगत होते. पुस्तक उघडावं तर कुणी म्हणेल, जाऊ गेली नि ही वाचतेय. गोठ्यात जावं तर तिथे तुम्ही नाही. मी माजघरात भिंतीला पाठ लावून बसायची आणि उंबऱ्याच्या पलीकडचा रस्ता बघायची. तो आपलाच रस्ता, पण मला तो चित्रातला वाटायला लागला होता.

तुम्हाला जिथे ठेवलं होतं, तिथे दिवा लावला. तुमच्या बहिणीने, श्रीगोंद्याच्या हौसामावशींनी, दिव्याभोवती पीठ पसरलं आणि वर टोपलं पालथं घातलं. पिठात ज्याचं पाऊल उमटेल त्याच्या जन्माला माणूस गेलं असं समजायचं. आपल्या सासूबाईंच्या वेळी पाखराचं पाऊल उमटलं होतं, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत, आणि वर म्हणाला होतात की पाखरू कसलं, पाल असंल.

सकाळी टोपलं कडेला सरकलेलं होतं आणि पिठात भाऊसाहेबांची पावलं होती. एक-दोन नाहीत. सगळं पीठ उकरलेलं.

हौसामावशींनी हात जोडले. "आक्का मांजराच्या जन्माला गेली बाई," म्हणाल्या. "बघा, आपल्याच घरात आली परत. लांब न्हाई गेली."

बाप्पू क्रियेला बसलेला, उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा. तो पिठाकडे बघत राहिला. तुम्ही गेल्यापासून तो रडला नव्हता; आल्यागेल्यांना पाणी द्या, गायींना टाका, एवढंच बोलत होता. तो खाली बसला, भाऊसाहेबांसमोर, आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मला बरं वाटलं. कसं का होईना, रडला.

मग ते रोजचंच झालं. भाऊसाहेब त्या पिठात जायचे, उकरायचे, बसायचे, आणि ओरडायचे. लांब, खोल आवाज. जेवण सोडलं. दूध ठेवलं तर वास घेऊन मान फिरवायचे. वस्तीवरच्या बायका बघायला यायला लागल्या. कुणी दुरून हात जोडायचं, कुणी त्याच्यापुढे बिस्कीट ठेवायचं. "मुक्या जनावराला कळतं, मानसाला न्हाई," असं म्हणून माझ्याकडे बघायचं. कारण मी रडताना कुणाला दिसत नव्हते. हौसामावशी येणाऱ्याला पहिल्यापासून सांगायच्या आणि दरवेळी पिठातली पावलं थोडी वाढायची.

मलाही ते खरं वाटलं, आक्का. जन्माचं नाही, दुःखाचं. मला वाटलं, माझ्यापेक्षा याला जास्त कळतंय. मी भिंतीला टेकून त्याचं ओरडणं ऐकायची आणि मनात म्हणायची, ओरड बाबा, माझ्याही वाटचं ओरड.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर पिठात बसला होता. शेपटी थरथरत होती. तो खाली वाकला, ताठ झाला, ओरडला, आणि उठून मागचं अंग चाटायला लागला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. पीठ कोरडं. आणि माझ्या लक्षात आलं की हे पीठ मऊ आहे, उकरता येतं, वरून परत झाकता येतं. मांजर मऊ मातीत का जातं ते लहान पोरालासुद्धा माहीत असतं. आम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर हात जोडले, आणि त्याला मुतायला होत नव्हतं.

त्याच वेळी गोठ्यात गुरांचे डॉक्टर आले होते, ताज्या व्यालेल्या गायीसाठी. ते सुतकाच्या घरात आत येत नाहीत, गोठ्यातूनच जातात. मी भाऊसाहेबांना टॉवेलात गुंडाळलं आणि तुमच्या दाराने गोठ्यात गेले. त्यांनी त्याला बघितल्याबरोबर आपला हात मागे घेतला. ओरखड्याची खूण अजून आहे. पण त्याने आता काहीच केलं नाही. मान टाकून पडून होता. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, फुगा तटतटलाय आतून. लघवी तुंबलीय ह्याची, थेंब थेंब होत होत आता पार बंद. कवापासून?"

आम्ही त्याची पावलं बघत होतो.

"काही करता येईल का?"

"मला न्हाई जमायचं. मी गायी बघतो. माझ्याकडची नळी बघा केवढी हाय, आन ह्येचा मार्ग काडीएवढा. मी हात घातला तर फाटंल. नगरला न्या. आजच. उद्या न्हाई." मग म्हणाले, "आक्का असत्या तर म्हनल्या असत्या, तुमीच बघा. म्हनून सांगतो. न्हाई जमायचं."

तुम्ही वीस वेळा म्हणायचात की घरचा डॉक्टर सोडायचा नाही. घरच्या डॉक्टरनेच आम्हाला सोडलं, आणि मी त्यांच्याविषयी इतकी कृतज्ञ कधीच नव्हते.

गोठ्यातूनच मी फोन केले. पहिल्या दवाखान्यात एका मुलीने गोड आवाजात विचारलं, "कोणत्या जातीचं आहे मॅम?" मी म्हणाले, गावठी. म्हणाली, उद्या दुपारनंतरची वेळ देते. दुसरीकडे एका बाईने फोन उचलला, मागे कुत्रं भुंकत होतं. मी बोलायला लागले तर मध्येच तोडून म्हणाली, "नर का मादी? लघवी शेवटची कधी बघितली? उलटी झाली का?" मी सांगितलं. "काही खायला घालू नका, पोट दाबू नका, निघा." फोन बंद. मला तिचं नावसुद्धा नीट ऐकू आलं नाही, पण मी निवडलं. वर्षभर तुमच्याशी भांडत होते ना, डॉक्टर कसा निवडावा म्हणून. तो प्रश्न विचारतो कसा, त्यावरून निवडावा. असं मी तुम्हाला नीट कधी सांगूच शकले नव्हते, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आता बाहेर कसं पडायचं? आमचे हे दहाव्याच्या तयारीला सोनईत गेलेले. मी टॉवेल घेऊन ओट्यावर आले. बायका बसलेल्या. मी सांगितलं की भाऊसाहेब आजारी आहेत, लघवी अडली आहे, नगरला न्यायला हवं.

हौसामावशी उठल्याच. "काय बोलती! दुखवटा पाळतंय ते! आन सुतकात घर सोडून कुटं निघाली? आक्काला सुई टोचनार का तू?"

"मावशी, ते मांजर आहे."

"तुला पीठ दिसलं न्हाई का? शिकल्याली मानसं तुमी. मेल्यावर तरी तिला घरात ऱ्हाऊ द्या की!"

मी बाप्पूकडे पाहिलं. पिठातली पावलं म्हणजे काय होतं, ते त्याला सांगायचं म्हणजे त्याची आई दुसऱ्यांदा बाहेर काढायची. न सांगावं तर हे मांजर संध्याकाळपर्यंत माझ्या हातात मरणार. मी टॉवेल धरून उभी होते, मागे दार, पुढे बायका, आणि मला पुढेही जाता येत नव्हतं, मागेही. भाऊसाहेबांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता, गरम.

बाप्पू उठला. खुंटीवरून पिकअपची चावी काढली.

"आरं, तू क्रियेला बसलाय!" मावशी ओरडल्या. "उद्या दहावा हाय! तुला उंबरा वलांडता येत न्हाई!"

"मावशी, तू म्हनती ना आई हाय ती?"

"हायच!"

"मग आईला दवाखान्यात नेतो." "मागल्या टायमाला गाय विऊ दे म्हनली आन आमी थांबलो. आता न्हाई थांबायचं. काकू, बस."

मावशींनीच टोमॅटोचे दोन कॅरेट आणले, एकावर एक पालथं घालून सुतळीने बांधले, आणि आत तुमचं जुनं लुगडं घातलं.

घोडेगावला बाजार होता. हायवेच्या तोंडाशी म्हशींचे टेम्पो असे अडकले होते की पुढचं काही दिसेना. आमच्या शेजारच्या टेम्पोतली म्हैस खिडकीतून आत बघत होती. कॅरेट माझ्या मांडीवर, आतून आवाज येणं थांबलेलं. बाप्पूने हॉर्न वाजवला, मग नुसता दाबून धरला. उघड्या अंगाचा, पंचा घेतलेला माणूस हॉर्न दाबून धरतोय म्हटल्यावर एक व्यापारी जवळ आला. "काय झालं पाव्हनं? कोन आजारी हाय?"

"आई," बाप्पू म्हणाला.

त्या माणसाने कॅरेटमध्ये बघितलं नाही. तो पळत पुढे गेला, काठीने टेम्पोच्या पत्र्यावर मारत, ओरडत, "आरं मागं घ्या! म्हातारी हाय गाडीत! मागं घ्या!" आणि घोडेगावचा बाजार तुमच्यासाठी बाजूला झाला, आक्का. मी पुढे बघत होते. बाप्पूकडे बघायचं धाडस झालं नाही.

ती डॉक्टर तुम्हाला आवडली नसती. वयाने बाप्पूच्या बायकोएवढी, केस आखूड, 'या बसा' नाही. भाऊसाहेबांना बाहेर काढलं आणि सरळ मागून मानेची कातडी पकडली. मागून! मला तुमचा आवाज ऐकू आला. पण तिचा दुसरा हात तोपर्यंत पोटावर होता आणि ती म्हणत होती, "वेळेत आणलंत. थोडक्यात." गुंगीचं इंजेक्शन, मग काडीएवढी नळी. पिशवीत लाल पाणी यायला लागलं, आणि नंतर बराच वेळ येतच राहिलं. बाप्पू भिंतीला टेकून खाली बसला. तिने त्याच्याकडे, त्याच्या पंच्याकडे बघितलं, आणि एक शर्ट आणून दिला.

नळी उद्यापर्यंत ठेवायची होती. बाप्पू परत गेला. त्याला जायलाच हवं होतं. सुतकात कुणाच्या घरी राहता येत नाही, म्हणून मी दवाखान्यातच थांबले. दवाखाना म्हणजे घर नव्हे, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला. तो पिंजऱ्यात, मी पिंजऱ्यासमोर लाकडी बाकावर. आपल्या घरातून बाहेर पडले आणि पुन्हा एका खोलीत येऊन बसले. पण इथे मला कुणी बघत नव्हतं. तिथे मी रडले, आक्का. सगळ्यांना जितकं दिसायला हवं होतं तितकं.

दुसऱ्या दिवशी संगमावर तुमचा दहावा होता आणि मी तिथे नव्हते. नळी काढली होती आणि डॉक्टरने सांगितलं होतं की आता त्याला स्वतःहून व्हायला हवी. नाही झाली तर पुन्हा सगळं. पिंजऱ्यात वाळूचा ट्रे ठेवला. तो वाळूत जाऊन बसला. तेवढ्यात बाप्पूचा फोन आला. मागे भटजी, माणसं, नदीचा वारा.

"काकू, मुतला का?"

"बसलाय. थांब."

"हितं कावळा शिवंना. गायी सांभाळतो म्हनलो, वासरू इकनार न्हाई म्हनलो, मावशीला हितंच ठेवतो म्हनलो. शिवंना. म्हनून म्हनलं इचारावं."

मी फोन पिंजऱ्याजवळ नेला. मग वाळू ओली झाली.

"झाली बाप्पू. स्वच्छ झाली."

त्याने तिकडे ओरडून सांगितलं. भर दहाव्यात, भटजींसमोर. लोक हसले की रडले, मला फोनवर कळलं नाही.

कावळा मात्र शेवटपर्यंत आला नाही. दर्भाचा करून शिववला. यावर हौसामावशींचं म्हणणं असं की कावळा शिवेलच कसा, आक्का तर नगरला दवाखान्यात हुती. मला वाटतं, कावळा आला नाही कारण तुमचं आमचं भांडण मिटलेलं नाही. तुमचे डॉक्टर पुढून आले आणि खरं बोलले. माझी डॉक्टर मागून आली आणि तिने वाचवलं. कोण जिंकलं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात की लुगडं माझं हुतं.

आता घर रिकामं झालं आहे. दिवा शांत झाला, पीठ मी झाडून गायीच्या आंबोणात टाकलं. सुतक संपलं, जायला रस्ता मोकळा आहे, आणि मी ओट्यापर्यंत येऊन थांबते. धारेच्या वेळी भाऊसाहेब गोठ्यात जाऊन तोंड उघडून बसतात. बाप्पू धार वळवतो, ती कपाळावर पडते. उद्या जमेल, म्हणतो.

मी पुनर्जन्म मानत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण रोज सकाळी त्याला गोळी द्यावी लागते, आणि तो ती जिभेखाली धरून ठेवतो, माझं लक्ष दुसरीकडे गेलं की थुंकायला. काल मी त्याला मांडीत घट्ट धरलं. "आक्का," मी म्हणाले, "एवढी घ्या." त्याने मान फिरवली. मी जबडा मिटून धरला, गळ्यावरून बोट फिरवत राहिले, आणि घोट खाली गेलेला बोटाला कळेपर्यंत सोडलं नाही.